वाम परत येते का?

आज सहामाहीचे पेपर तपासायचे होते. गठ्ठा तसाच पडलाय आणि मी हे लिहायला बसले, कारण दुपारपासून डोकं शांत होईना. मोठं होईल, सवडीनं वाचा.

भाचा आलाय दिवाळीच्या सुट्टीला. दुसरीत आहे. शहरातल्या मैदानावर पाण्याखालच्या बोगद्याचं प्रदर्शन लागलंय, त्याचा चार दिवस एकच धोशा, "आत्या, बोगदा." नेलं आज. माणशी १२० रुपये. कमानीवर भलामोठा देवमासा रंगवलेला, खाली लाटा, आणि भोंग्यावर कानठळ्या बसवणारी गाणी.

आत काचेच्या कमानीखालून माणसं मेंढरांसारखी सरकत होती. वरचं पाणी ताकासारखं गढूळ. एक नारिंगी कोई मासा कोपऱ्यात तोंड वर काढून एकसारखा धापा टाकत होता, कल्ले फाकलेले, अंगावर कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. त्याच्याच खाली एक गृहस्थ लेकराला खांद्यावर घेऊन गाडीच्या किल्लीनं काच वाजवत होते. मासा फोटोत नीट यावा म्हणून! मी म्हणाले, "दादा, नका ना वाजवू." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढं एक पाटी. 'शार्क.' भाचा घाबरून माझ्या ओढणीला चिकटला. मी वाकून बघितलं. राखाडी पाठ, तोंडाजवळ मिश्या. पंगस! आठवडी बाजारात बर्फावर मांडलेला असतो, तोच पंगस. मूळ मेकाँग नदीकडचा, गोड्या पाण्यातला, मिश्यावाल्या माशांच्या कुळातला. शोभेच्या माशांच्या धंद्यात त्याची पिल्लं शार्क म्हणून खपवतात. समुद्राचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. दोरीपाशी उभ्या असलेल्या पोराला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नाव काय करायलात? फोटो काढा की."

त्या पोरावर माझा राग नाही. सकाळपासून उभा असतो, त्याला तरी कुणी काय सांगितलंय. राग याचा आहे की आपल्या लेकरांच्या वाट्याला समुद्र आला तो असा, पंधरा दिवसांसाठी मैदानावर, खोट्या पाटीचा. आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही.

मला आठवली ती २०१७ सालची सहल. जानेवारी महिना, एसटी, चव्वेचाळीस पोरं, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्या जिल्हा परिषद शाळेची मुंबईला गेलेली पहिली सहल. मरीन ड्राइव्हवर पोरं उतरली आणि गप्पच झाली. एवढी दंगेखोर पोरं, पण दोन मिनिटं कुणी बोलेना. मग तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ सालचं, दोनच वर्षांपूर्वी नव्यानं सजवून उघडलेलं. बारा फुटी काचेचा बोगदा तिथंही होता, पोरं त्यात घुसली, ओरडली, सगळं झालं.

एक पोरगी मात्र बोगद्यात नव्हती. सातवीतली. आईबाप ऊसतोडीचे, दसऱ्यानंतर टोळीबरोबर जाणार, उन्हाळ्यात परत. ही आजीजवळ. ती एका टाकीपुढं काचेला नाक लावून उभी. आत दगडाच्या कपारीतून मोरे ईल, सापासारखा लांबडा समुद्री मासा, डोकं बाहेर काढून बसलेला, तोंडाची सारखी उघडझाप. मला म्हणते, "मॅडम, ही आपली वाम हाय की."

तिचा आजा मांजरा नदीत जाळं टाकायचा, तिला नदीतला वाम मासा माहीत. मी काय सांगणार? मी मराठीची बाई. "असेल" म्हणाले. तेवढ्यात तिथला एक वयस्कर कर्मचारी जवळ आला. त्यानं तिला विचारलं, "तुझ्या वामीच्या पाठीवर काटे असतात का?" ती म्हणाली, असतात, हाताला लागतात. मग त्यानं तिला समजावलं. ती काटेवाली वाम निराळी, तिचा आणि या ईलचा सांधा फार लांबचा. पण बिनकाट्याची, गुळगुळीत, हाताएवढी जाड होणारी एक वाम गोदावरीच्या खोऱ्यात असते, ती या ईलच्या खऱ्या नात्यातली. ती जन्मते समुद्रात. बोटभर पिल्लू नदीच्या मुखातून वर चढतं, कित्येक वर्षं नदीत राहतं, मोठं होतं, आणि अंडी घालायची वेळ आली की पुन्हा समुद्राला जातं. आता मध्ये धरणं झालीत, वाट अडते.

पोरगी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "परत येती का?"

तो म्हणाला, "नाही बाळा. ती तिकडंच संपते. पिल्लं येतात."

पोरगी काही बोलली नाही. तिच्या श्वासानं काचेवर धुकं आलं होतं, ते तिनं बाहीनं पुसलं आणि परत बघत उभी राहिली.

मला सांगा, मत्स्यालय म्हणजे काय? काच का? काच आज मीही १२० रुपये देऊन बघून आले. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्यानं आमच्यासाठी दहा मिनिटं काढली, पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा चांगला तास घेतलेला नाही. हे मी मनापासून लिहितेय.

तेच तारापोरवाला कोविडपासून बंद पडलं. इमारत जुनी झाली, धोकादायक ठरली. म्हणजे आज सहल काढली तरी ती टाकी नाही आणि तो माणूसही नाही.

दुपारी हेच सगळं मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. म्हटलं, मराठवाड्यात एक कायमचं, सरकारी, धड मत्स्यालय पाहिजे. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मॅडम, मराठवाड्यात समुद्र कुठंय? आधी नळाला पाणी आणा." खाली हसणारे चेहरे. नऊ जणांचे. मोजले मी.

नळाचं मान्य. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच भाड्यानं राहत होते, मला कुणी टंचाई शिकवू नका. माणसाचं पाणी आधी, यात वादच नाही.

पण "समुद्र कुठंय" हे शिक्षकानं विचारावं? अरे, आपला पाऊस कुठून येतो? अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्याकडं पोचेपर्यंत नुसता वारा उरतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की आपल्या विहिरी भरतात. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडं जमिनी खरडून गेल्या, सोयाबीन वाफ्यातच कुजलं, जनावरं वाहून गेली. तो पाऊस कुठं तयार झाला होता? समुद्र तापला की त्याचा हिशोब आपल्या बांधावर होतो. ज्याच्या दारात समुद्र आहे त्याला तो रोज दिसतो. ज्याला दिसत नाही, त्यालाच दाखवावा लागतो ना?

आणि नदी? मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगवते, पुढं तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. गोदावरी पैठण, गंगाखेड, नांदेड करत १४६५ किलोमीटर जाते आणि आंध्रात समुद्राला भिडते. तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे आणि शेजारच्या वाळूच्या दांड्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आपण पुलावरून निर्माल्याची पिशवी खाली सोडतो, गुटख्याची पुडी सोडतो, ती जाते कुठं? माझ्या वर्गातल्या एकाही पोराला हे माहीत नव्हतं. मलाही त्या सहलीनंतरच कळलं, कारण त्या पोरीच्या प्रश्नामुळं मी नकाशा काढून बसले.

समुद्राशी आपलं देणंघेणं नव्हतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन यावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या लिखाणात तेर आणि पैठणची नावं आहेत. इथला माल गाड्यांवरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून रोमपर्यंत. तेव्हाच्या गाडीवानाला समुद्र कुठंय ते ठाऊक होतं. आपल्या पोरांना आपण 'राज्यमासा कोणता' एवढं पाठ करायला लावतो. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. एका गुणाला बरोबर येतं उत्तर. पापलेट का कमी होतोय, पिल्लं धरल्यानं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

मासे कोंडून ठेवणं क्रूर आहे असं बहिणीचं म्हणणं, तिचा फोन आला होता मघाशी. आजचं प्रदर्शन बघता तिला नाही कसं म्हणू. पण म्हणून सगळी मत्स्यालयं एका मापानं नका मोजू.

मी नेटवर पुष्कळ वाचलंय याबद्दल, त्या सहलीपासून नादच लागला. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे म्हणून गाव आहे. तिथं तारली माशाचे डबे भरणारे कारखाने होते. इतकी तारली उपसली की समुद्र रिकामा झाला, कारखान्यांना टाळं लागलं. त्यातल्याच एका बंद कारखान्याच्या जागेवर १९८४ मध्ये मत्स्यालय उभं राहिलं. ते शाळांच्या सहलींना पैसे घेत नाहीत. आईपासून तुटलेली समुद्री ऊदमांजराची पिल्लं आणतात, तिथल्याच मोठ्या माद्या त्यांना सांभाळतात, शिकार शिकवतात, आणि मग ती समुद्रात सोडून देतात. कुठला मासा खावा, कुठला पुढची काही वर्षं सोडून द्यावा, हे लोकांना सांगतात. असं मत्स्यालय वाढतं तेव्हा त्याच्याबरोबर समुद्रही थोडा सावरतो. वर्षभरात किती तिकिटं फाटली एवढाच हिशोब प्रदर्शनवाल्याचा. अशा मत्स्यालयाला किती शाळा येऊन गेल्या आणि किती जीव परत पाण्यात गेले, हे सांगावं लागतं.

बंद पडलेले कारखाने आपल्याकडंही आहेत की. साखरेचे. खारं पाणी, मोठे पंप, चोवीस तास वीज, हे सगळं इथं अवघड आहे, कबूल. मग खाऱ्यानं सुरू करू नका. गोदावरीनं करा. मरळ ठेवा, खवल्या ठेवा, रोहू-कटला ठेवा, काटेवाली वाम आणि बिनकाट्याची वाम शेजारीशेजारी ठेवा. भिंतीवर नदी काढा, पैठणपासून पार काकीनाड्यापर्यंत. शेवटच्या दालनात एकच खाऱ्या पाण्याची टाकी असली तरी चालेल. पण पाटी खरी पाहिजे, आणि पाटीजवळ सांगणारं माणूस पाहिजे. भोई समाजातली किती पोरं मासे नुसत्या स्पर्शानं ओळखतात, त्यांना द्या ती नोकरी. माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील.

आणि बाहेर पडताना ते पिशवीतले मासे विकणं बंद करा! आज दारातच टेबल होतं. पोरं रडून घेतात, घरी आणतात, मासा मोठा झाला की नेऊन तळ्यात सोडतात, पुण्य केल्यासारखं. तो काच चाटणारा सकर मासा असाच दक्षिण अमेरिकेतून आला, लोकांच्या टाकीतून नदी-तळ्यांत पोचला. त्याला कुणी खात नाही, काटेरी अंगानं जाळी फाडतो. ते जाळं ज्याचं फाटतं त्याच्या घरी जाऊन बघा. भाच्यानं हट्ट केला, मी नाही घेतला मासा. रडला. रस्ताभर बोलला नाही माझ्याशी.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पलीकडं झोपलाय तो. झोपण्याआधी जवळ आला आणि विचारलं, "आत्या, मग खरा शार्क कसा असतो?" मोबाइलवर दाखवला. पाच फटी असतात कल्ल्याच्या, मोज म्हटलं. दोनदा मोजल्या त्यानं.

त्या पोरीचं सांगायचं राहिलं. दहावीनंतर शाळा सुटली तिची. लग्न झालं, आता नवऱ्याबरोबर तीच कोयत्याला जाते. या विषयावर मी लिहू शकत नाही, आज तर नाहीच. पण गेल्या हंगामात, रात्री साडेनऊला, अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. कर्नाटकातला कुठलातरी कारखाना, नदीकाठी पाचटाच्या कोप्या, आणि बादलीत वेटोळं घातलेली वाम. खाली तिचा आवाज, "मॅडम, वळखलं का? ही कोणती हो, जाणारी का ऱ्हाणारी?"

मी लिहिलं, पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडं बोट फिरव.

थोड्या वेळानं दुसरा फोटो आला. बॅटरीच्या उजेडात वामीची पाठ, त्यावर चिरा पडलेला अंगठा, आणि अंगठ्याच्या पुढं काट्यांची बारीक रांग. "काटे हायेत मॅडम. ऱ्हाणारी हाय."