नोंदवही आणि चहाची हाक
एकत्र काम करणाऱ्या संघातील बेबनावावरच्या लेखात लेखकाने त्याचे सगळे खापर माणसांच्या स्वभावावर फोडले आहे, ते पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शुट्झ यांनी १९५८ मध्ये मांडल्याप्रमाणे समावेश (इतरांनी सामावून घ्यावे), नियंत्रण (सूत्रे आपल्या हाती असावीत) आणि जिव्हाळा या गरजा प्रत्येकात कमी-अधिक असतात. बीड जिल्ह्यातील एका कार्यालयात टंचाईच्या दिवसांत टँकरच्या खेपा नोंदवताना मी हे अनुभवले: ज्येष्ठ सहकारी नोंदवहीला कोणाला हात लावू देत नसत, तर नवा लिपिक, चहाला कोणी हाक मारली नाही एवढ्यावरूनच, दिवसभर घुमा राहत असे. (हाक न मारणाऱ्यांत मीही होतो.) पुढे वही ज्येष्ठांकडेच ठेवून सरपंचांशी फोनवर बोलण्याचे काम त्या लिपिकाकडे दिले, तेव्हा कुठे खेपांचा ताळमेळ संध्याकाळपर्यंत लागू लागला.