'पॉयझन', 'डेंजर', 'कॉशन' एकच नाहीत

पराटीवर (कपाशीवर) फवारणीचे दिवस आले की गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: कीटकनाशकाच्या बाटलीवरचे 'पॉयझन', 'डेंजर', 'कॉशन' हे इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे, आणि हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय औषध. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील, लेबलवर नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत प्रत्येकाची विषारीपणाची पायरी ठरलेली आहे. लेबलवर तिरपा चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात शब्द, खालच्या त्रिकोणी अर्ध्यात रंग. लाल रंग, कवटी आणि 'पॉयझन' म्हणजे अत्यंत विषारी. पिवळ्यावरही 'पॉयझन'च, फक्त कवटी नसते. म्हणून पिवळ्याला हलकं समजू नका. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. हिरवा म्हणजे तुलनेने कमी विषारी, सेंद्रिय असण्याशी त्याचा संबंध नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. तरी असा मेसेज पुढे पाठवला जातो, याची चीड येते. फवारणीनंतर मळमळ, चक्कर, अंधुक दिसणं सुरू झालं तर दवाखान्यात जाताना बाटली लेबलासकट सोबत न्या. कोणतं विष अंगात गेलं हे डॉक्टरांना लगेच कळतं.