सागवानी झोपाळ्याला जळकं ऑइल अजिबात लावू नका

"पावसाळ्याआधी सागवानी फर्निचर असं जपा" हा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की बाहेरचं सागवान राखाडी पडलं म्हणजे सडायला लागलं, त्यातलं तेल उन्हाने उडून जातं म्हणून प्रेशर वॉशरने धुऊन गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचे दोन हात मारा, मग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, आणि सागाला वाळवी लागतच नाही त्यामुळे बाकी काही बघू नका. मी आधी दुर्लक्ष केलं. पण परवा काकू फोनवर म्हणाली की काकांनी अंगणातल्या झोपाळ्यासाठी ऑइलचा कॅन आणून ठेवलाय, आणि त्या झोपाळ्यावर घरातली सगळी पोरं दिवसभर लोळत असतात. म्हणून लिहितेय.

आधी ऑइलचं बोलू, कारण बाकीच्या चुकांनी लाकूड खराब होईल, याने माणसं आजारी पडतील. जळकं ऑइल म्हणजे इंजिनात हजारो किलोमीटर तापून निघालेलं तेल. इंधन अर्धवट जळून तयार झालेली पीएएच नावाची रसायनं त्यात उतरतात, त्यातली काही कॅन्सर करणारी आहेत, शिवाय इंजिन झिजून सुटलेले धातूचे कण. केंद्र सरकारचे घातक कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत, त्यांच्या पहिल्याच परिशिष्टात वापरलेल्या तेलाची नोंद आहे, म्हणजे कायद्याने हा घातक कचरा आहे, तो परवानगी असलेल्या रीसायकलवाल्याकडेच जायला हवा. जे गटारात ओतायलासुद्धा बंदी आहे ते आपण बसायच्या लाकडात मुरवायचं?

आणि हे तेल सुकत नाही हो! जवसाचं तेल हवेने घट्ट होऊन बसतं, इंजिन ऑइल तसं होत नाही, ते चिकट राहतं, धूळ धरतं, ऊन तापलं की वर येतं, मग कपड्यांना, मांड्यांना, हातांना लागतं आणि लहान पोरं तेच हात तोंडात घालतात. उरलेलं पावसात धुऊन अंगणाच्या मातीत, आणि कोकणात विहीर घराला लागूनच असते.

"आमचे आजोबा लावायचे" असं कोणीतरी म्हणणारच. लावायचे, कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या मेढींना, आणि वाळवी काही काळ लांब राहायची हेही मान्य. पण कुंपणाचा खांब वेगळा आणि उघड्या अंगाने बसायची जागा वेगळी.

आता राखाडी रंग. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पावसात धुऊन जातं, आणि राखाडी पापुद्रा उरतो, तोही मिलिमीटरच्या थोड्याशा भागाएवढा. कोपऱ्यात पॉलिश पेपर मारून बघा, खाली सोनेरी तपकिरी लाकूड जसंच्या तसं दिसेल. म्यानमारमध्ये अमरपुराला ऊ बेन पूल आहे, 1850 च्या आसपास बांधलेला, एक किलोमीटरहून लांब, सगळा सागाचा, तो राखाडी पडून किती पिढ्या उभा आहे. त्याचे काही खांब कुजले आणि तिथे काँक्रीटचे घालावे लागले हे खरं, पण ते खांब पाण्यातले होते, आणि खरी काळजी घ्यायची जागा तीच आहे.

तुमची खुर्ची उलटी करा आणि पायांचे तळ बघा. लाकडाच्या आडव्या कापलेल्या तोंडातून पाणी स्ट्रॉच्या जुडीसारखं वर चढतं, त्यामुळे ओल्या लादीवर महिनाभर उभे असलेले पाय आधी जातात. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, सहज आत गेलं तर तिथे कुज आहे, वरचा रंग कितीही छान असला तरी. पायांना रबरी बुश लावा, लादीपासून जरा उचला, एवढ्याने कुठल्याही तेलापेक्षा जास्त फरक पडेल.

सागाचं तेल परत भरून काढायची कल्पनाही चुकीची आहे. साग टिकतो तो गाभ्यात मुरलेल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे, ती बाहेरून ओतता येत नाहीत, दुकानातलं टीक ऑइलही सागातून काढलेलं नसतं, बहुतेक वेळा जवस किंवा टुंग तेल आणि थिनर असतो. सोनेरी रंग आवडतो म्हणून लावायचं तर खुशाल लावा, फक्त त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, मोकळ्या पसरून वाळवा.

वाळवीचं अर्धं खरं. गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण सालीलगतच्या पांढरट लाकडाला बिनदिक्कत लागते, आणि कोवळी झाडं तोडून केलेल्या स्वस्त फर्निचरमध्ये ते पांढरट लाकूड भरपूर असतं. घेतानाच बघून घ्या.

प्रेशर वॉशरने लाकडातल्या मऊ रेषा खरवडून निघतात आणि लाकूड खरखरीत होतं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने, बस्स. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते, शक्य असेल तर जूनच्या आधी पडवीत घ्या, नसेल तर वरून ताडपत्री टाका पण खालून वारा खेळायला मोकळं सोडा, आणि झाकण्याआधी लाकूड पूर्ण सुकलंय ना हे हात लावून बघा.