दंडाचा रुपया, भत्त्याचा रुपया

1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता महिना 1 रुपया. पुढे 1992 पासून महाराष्ट्र सरकार दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला 1 रुपया भत्ता देऊ लागलं. रुपयाची किंमत मधल्या काळात किती घसरली ते सोडा, पण दोन्ही वेळा सरकार पोरांच्या मागे लागलं होतं.

हे आपोआप घडलं नाही. इंग्रज सरकारला मुख्यतः कचेऱ्या चालवायला माणसं हवी होती. 1882 मध्ये सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रोखठोक मांडलं की सारा भरतो शेतकरी आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. आणि शिकवायचं काय? मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची माहिती, आरोग्य. कारकून घडवायचा अभ्यासक्रम नव्हे हा. सावकाराचा कागद ज्याला वाचता येईल, असा कुणबी त्यांना हवा होता.

तरी गावानं शाळेकडे नोकरीची वाट म्हणूनच पाहिलं, आणि त्यात गैर काय? माझे आजोबा सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि तेवढ्यावर मास्तर झाले. नंतर गांधीजींची हातकामातून शिकवणारी नई तालीम आली, सूत कातायच्या टकळ्या आल्या, शाळांवर ‘जीवन शिक्षण’ अशा पाट्या लागल्या. टकळ्या गेल्या, पाट्या बऱ्याच ठिकाणी अजून आहेत.

1995 पासून पोषण आहार आला. आधी घरी न्यायला तांदूळ, मग सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न. ‘पोरं खिचडीसाठी येतात’ असं नाक मुरडणारे अजून भेटतात. येऊ देत की! उपाशी पोराला पाढे पाठ होत नाहीत, हे कळायला बी.एड. लागत नाही.

आता मात्र शाळेचं माप पटसंख्येवर आलंय. गुरुजी फळ्यापेक्षा मोबाइलवर जास्त: आज किती जेवले, फोटो चढला का, यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, भरलं का. मतदारयादीचं काम वेगळंच. गावातली ऐपतदार पोरं सकाळी पिवळ्या गाडीतून इंग्लिश मीडियमला जातात, मग जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वीसच्या खाली येतो आणि तिला मोठ्या समूह शाळेत मिसळायची चर्चा सुरू होते. खर्चाचा हिशेब मला कळतो. चार पोरांच्या वर्गात ना खेळ रंगत ना चढाओढ, हेही खरं. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय, ते उगाच नाही. पावसात ओढ्याला पाणी आलं आणि गाडी चार दिवस आली नाही, तर सगळ्यात आधी घरी बसवली जाते ती मुलगी. त्या चार दिवसांचा दंड कुणाकडून घ्यायचा, हे एकाही जीआरमध्ये मला सापडलेलं नाही.