देश ताब्यात मिळाला, आता तिजोरीचं काय करायचं?

समजा, उद्या तुम्हाला एक आख्खा देश चालवायला मिळाला. हसू नका, मिळतात. अमेरिकी फौजांनी सद्दाम हुसेनला हटवलं आणि मे २००३ मध्ये पॉल ब्रेमर या अमेरिकी अधिकाऱ्यांना इराक मिळाला. अरबी येत नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही. साडेतेरा महिने त्यांनी बगदादमधून कारभार हाकला आणि विमानात बसून निघून गेले. तेव्हा अशी संधी चालून आली, तर हाताशी थोडी तयारी असावी म्हणून हा लेखनप्रपंच. सगळे धडे इराकमधलेच आहेत. स्वतःची अक्कल फार चालवायची गरज नाही.

पहिली गोष्ट, खर्चाला पैसे कोणाचे वापरायचे हे ठरवा. आपले वापरू नयेत. आपल्या पैशाला आपली संसद असते, तिच्या समित्या असतात, आणि त्यांत एखादा खवचट सभासद असतोच. अमेरिकेच्या संसदेने इराकच्या उभारणीसाठी नोव्हेंबर २००३ मध्ये १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले होते. जून २००४ मध्ये सत्ता इराक्यांकडे सोपवेपर्यंत त्यातले प्रत्यक्ष खर्च झाले ते अगदी चिमूटभर. मग कारभार कशावर चालला? इराकच्याच पैशांवर. संयुक्त राष्ट्रांच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने ‘डेव्हलपमेंट फंड फॉर इराक’ नावाचा निधी काढला होता. त्यात इराकच्या तेलाचं उत्पन्न आलं, सद्दामची परदेशात गोठवलेली खाती आली आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या सद्दामच्या काळातल्या योजनेची शिल्लक आली. (हीच ती योजना, जिच्या वोल्कर अहवालापायी २००५ मध्ये आपल्याकडे नटवरसिंहांचं परराष्ट्र खातं गेलं. सद्दामच्या काळातल्या दलालीचा हिशेब असा पार दिल्लीपर्यंत लागला. पुढच्या साडेतेरा महिन्यांचा मात्र बगदादच्या बगदादलाही लागेना.) या निधीत सुमारे २० अब्ज डॉलर जमा झाले आणि त्यांवर सही चालायची ती ब्रेमर यांच्या प्राधिकरणाची, म्हणजे कोअलिशन प्रोव्हिजनल अथॉरिटीची, थोडक्यात सीपीएची. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे तुम्हाला शाळेतच शिकवलेलं आहे. फक्त इथली बायजी आयजीच्या घरात सैन्य घेऊन घुसलेली आहे, एवढाच फरक.

ठरावात एक अट होती. पैसा पारदर्शक पद्धतीने वापरावा. ही अट पाळायला अजिबात कठीण नाही. नोटा पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

थट्टा नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हच्या, न्यू जर्सीतल्या कोठारातून शंभराच्या नोटांच्या गड्ड्या प्लास्टिकमध्ये आवळून, फळ्यांवर रचून, सी-१३० विमानांत भरून बगदादला जायच्या. मे २००३ ते जून २००४ या काळात असे जवळपास १२ अब्ज डॉलर गेले. नोटा २८ कोटींवर, वजन ३६३ टन. पैसा मोजायचा सोडून तोलायची वेळ आली की समजावं, आपली प्रगती योग्य दिशेने चालली आहे. सीपीएत काम केलेल्या फ्रँक विलिस या अधिकाऱ्याने नंतर अमेरिकी संसद सदस्यांना सांगितलं, की एक-एक लाख डॉलरच्या या विटा घेऊन लोक कार्यालयात झेलाझेली खेळत. कंत्राटदाराला निरोप जाई, येताना मोठी पिशवी आण. विलिस यांचा वीस लाख डॉलरच्या थप्पीसोबतचा फोटोही आहे, चेहरा अगदी प्रसन्न.

इथे कोणी म्हणेल, बँका बंद होत्या, युद्ध चालू होतं, लाखो नोकरांचे पगार अडले होते, रोख दिली नसती तर काय केलं असतं? खरं आहे. ब्रेमर यांनीही नेमकं हेच म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. आणीबाणीची परिस्थिती हे फार कामाचं वाक्य आहे. रोख का वाटली या प्रश्नाला ते चोख उत्तर आहे. वाटली ती कोणाला, हे लिहून का ठेवलं नाही, या प्रश्नाला ते उत्तर नाही. पण बहुतेक लोक पहिल्या प्रश्नावरच थांबतात.

आता हिशेब. हिशेब ठेवायचा, नाही असं नाही. पण बेताने ठेवायचा. ऑडिटर आले तेव्हा या अब्जावधींच्या जमाखर्चाला नीट दुहेरी नोंदीची वही नव्हती, एक्सेलच्या तक्त्यांवर काम चाललं होतं. अंतर्गत नियंत्रणासाठी हिशेबनिसांची मान्यताप्राप्त फर्म नेमा, असा नियमच होता. प्रत्यक्षात काम मिळालं सॅन दिएगोच्या एका लहानशा सल्लागार कंपनीला, आणि तिचा पत्ता निघाला एका राहत्या घराचा. तेलाचंही तसंच. देशाचं उत्पन्न तेलावर, पण जहाजात किती तेल चढतं ते मोजायला बसराच्या धक्क्यावर धड मीटर नव्हते. देखरेखीसाठी नेमलेलं आंतरराष्ट्रीय मंडळ मीटर बसवा, मीटर बसवा म्हणून कानीकपाळी ओरडत राहिलं. तुम्ही हो म्हणायचं. मीटर बसवणं ही लांबची प्रक्रिया आहे, तिला निविदा लागते.

मंडळाचंही कौतुक करायला हवं. मे २००३ च्या ठरावातलं हे मंडळ पहिल्यांदा बसलं डिसेंबरात. त्याचे ऑडिटर नेमले गेले एप्रिल २००४ मध्ये, आणि जूनमध्ये सीपीएच बरखास्त झाली. आपला कार्यकाळ आणि तपासनिसाची नेमणूक यांचं वेळापत्रक असं जुळवता आलं पाहिजे.

माणसं निवडताना अनुभव बघा. बगदादच्या दक्षिणेला, बाबिलोनच्या अवशेषांजवळ हिल्ला नावाचं शहर आहे. तिथल्या कार्यालयात ८.२ कोटी डॉलरच्या निधीवर रॉबर्ट स्टाईन नावाचे गृहस्थ नियंत्रक होते. अनुभव होता. अमेरिकेत १९९० च्या दशकातच फसवणुकीच्या गुन्ह्यात त्यांना शिक्षा झालेली होती. नेमणुकीच्या वेळी कोणी कागद उलटून पाहिला नाही, की पाहून पुन्हा मिटला, देव जाणे. त्यांनी एका मर्जीतल्या कंत्राटदाराला कामं दिली, एकाच माणसाच्या निरनिराळ्या नावांनी निविदा भरल्या गेल्या आणि कमिशन फिरलं. २००७ मध्ये स्टाईन यांना नऊ वर्षांची कैद झाली. अख्ख्या प्रकरणातल्या मोजक्या शिक्षांपैकी ही एक, तेव्हा तुम्ही ती अपवाद म्हणून नजरेआड करायला हरकत नाही.

याच कार्यालयातला पैसा कुठे असायचा, हे ऑडिटरांनी फार मन लावून लिहून ठेवलं आहे. एका कंत्राट अधिकाऱ्याचे वीस लाख डॉलर त्याच्या कचेरीच्या न्हाणीघरात तिजोरीत होते. एका पैसे वाटणाऱ्या कारकुनाचे ६,७८,००० डॉलर पत्र्याच्या ट्रंकेत होते, आणि ट्रंकेला कुलूप नव्हतं. इराकी मुष्टियोद्ध्यांच्या मदतीला दिलेला एक अमेरिकी सैनिक फिलिपिन्सला जाऊन संघाच्या पैशांतून २०,००० ते ६०,००० डॉलर जुगारात हरला. ‘ते’ हा शब्द नीट पाहा. हरलेली रक्कमसुद्धा निश्चित नाही. इतकी लवचिकता तुमच्या हिशेबात आली पाहिजे.

हिल्लाच्याच सरकारी रुग्णालयात दुरुस्तीचं काम निघालं होतं, त्यात लिफ्टही बदलायच्या होत्या. साडेसहा लाख डॉलरहून जास्त रक्कम. कंत्राटदाराने नव्या लिफ्ट बसवल्या नाहीत, जुन्यांचीच डागडुजी केली. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला, बिल पास झालं, पैसे गेले. काही महिन्यांनी त्यातली एक लिफ्ट कोसळली आणि तीन इराकी माणसं मेली. फाइलच्या दृष्टीने पाहिलं तर यात चूक काही सापडत नाही. मागणी आहे, कार्यादेश आहे, पूर्णत्वाचा दाखला आहे, पैसे पोचल्याची पावती आहे.

मस्टरचा विषय आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागेल असं वाटत नाही. एका मंत्रालयाच्या पटावर ८,२०६ सुरक्षारक्षकांचा पगार निघत होता. प्रत्यक्षात पडताळा लागला ६०२ जणांचा. उरलेल्या साडेसात हजारांनीही आपापल्या परीने देशाचं रक्षण केलंच असणार, फक्त ते कोणाला दिसले नाहीत.

खाजगी क्षेत्राला सोबत घ्यायला विसरू नका. कस्टर बॅटल्स नावाच्या कंपनीवर तिच्याच माजी सहकाऱ्यांनी अमेरिकेत खटला भरला. आरोप असा, की बगदाद विमानतळावर पडून असलेल्या इराकी एअरवेजच्या फोर्कलिफ्ट गाड्यांवर नवा रंग मारून त्याच गाड्या भाड्याने दिल्याचं बिल सरकारला लावलं. वर एका बैठकीत कंपनीची माणसं एक कागद टेबलावरच विसरून गेली, त्यात खरा खर्च एका रकान्यात आणि लावायची रक्कम शेजारच्या रकान्यात! (असले कागद खिशात ठेवावेत. हा सल्ला फुकट.) २००६ मध्ये ज्युरीने कंपनीला दोषी धरलं, न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला सारला, आणि वरच्या कोर्टात जाऊन तो पुन्हा जिवंत व्हायला २००९ उजाडलं. मधल्या वर्षांत वकिलांनी मुख्य खल केला तो यावर, की सीपीए म्हणजे अमेरिकेचं सरकार आहे की नाही. फसवणूक झालीच असेल, तर ती नेमकी कोणाची? तुमचं प्राधिकरणही असंच बांधा. हुकूम काढताना ते सरकार असावं, आणि जाब विचारताना ते कोणाचंच नसावं.

मग येतात शेवटचे दिवस. आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री खात्यांत जी लगबग असते, ती तुम्ही पाहिली असेल. बगदादमध्ये तो मार्च जूनमध्ये आला. सत्ता ३० जूनला सोपवायची होती. २२ जूनला एकाच खेपेत २.४ अब्ज डॉलर आले, फेडरल रिझर्व्हने तोवर एका खेपेत कधीच इतकी रोकड दिली नव्हती. तीन दिवसांनी आणखी १.६ अब्ज. २७ जूनला ब्रेमर यांनी १७ क्रमांकाच्या आदेशाची सुधारित प्रत सही केली. परदेशी फौजा आणि त्यांचे कंत्राटदार इराकी कायद्याच्या कक्षेबाहेर. २८ जूनला, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, गुपचूप छोटासा समारंभ झाला, कागद हाती दिला आणि साहेब विमानात. सार्वभौमत्वाबरोबर तुम्ही मागचे प्रश्नही सोपवता, ही यातली खुबी. यानंतर कोणी विचारलं तर सांगायचं, आता तिथे त्यांचं सरकार आहे, त्यांना विचारा.

त्यांचं सरकारही गुणी निघालं. जून २००४ ते फेब्रुवारी २००५ या आठ महिन्यांतल्या संरक्षण खात्याच्या खरेदीचे करार इराकच्या स्वतःच्या महालेखा मंडळाने तपासले. रक्कम सुमारे १.२७ अब्ज डॉलर. बराचसा पैसा मालाआधीच रोख मोजलेला, मध्ये दलाल, आणि माल काय, तर पंचवीस वर्षं उलटून गेलेली सोव्हिएत बनावटीची हेलिकॉप्टरं. तेव्हाचे संरक्षणमंत्री हाझिम शालान यांना पुढे त्यांच्या गैरहजेरीत शिक्षा झाली, ते परदेशात बसून आरोप नाकारत राहिले. भ्रष्टाचार रोखायला सीपीएनेच एक आयोग नेमला होता, त्याचे प्रमुख होते न्यायाधीश राधी हमझा अल-राधी. मंत्र्याच्या परवानगीशिवाय त्याच्या खात्यातल्या माणसावर खटला नाही, असं जुनं कलम पुन्हा जिवंत करून त्यांचे हात बांधले गेले. (वाचकांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना ‘अभियोगाची मंजुरी’ प्रलंबित म्हणजे काय, ते ठाऊक आहे.) आयोगाची एकतीस माणसं मारली गेली. २००७ मध्ये राधी अमेरिकेत आले, १८ अब्ज डॉलरचा भ्रष्टाचार झाल्याची साक्ष दिली आणि परत गेले नाहीत. म्हणजे पैसा खाणारे परदेशात आणि तो शोधणाराही परदेशात, अशी समता प्रस्थापित झाली.

अमेरिकेच्या खास महानिरीक्षकांचा, स्टुअर्ट बोवेन यांचा, अहवाल यायचा तो आलाच. ८.८ अब्ज डॉलर इराकी मंत्रालयांना दिले, पण पुढे ते कसे खर्च झाले याची खात्री देता येत नाही. तेव्हाच्या दराने हे चाळीस हजार कोटी रुपयांच्या आसपास जातात. घाबरू नका. सीपीएच्या एका माजी अर्थ-अधिकाऱ्याने बीबीसीशी बोलताना सरळ सांगून टाकलं होतं, की तो पैसा इराक्यांचा होता, मग गेला तरी काय फरक पडतो. इतका प्रांजळपणा तुम्हाला जमणार नाही, प्रयत्नही करू नका. थोडा धीर धरा. २०११ मध्ये बोवेन यांनाच आढळलं, की वादातल्या ६.६ अब्जांपैकी जवळजवळ सगळा पैसा इराकच्या मध्यवर्ती बँकेत पोचला होता. म्हणजे हरवला नव्हता! तिथून पुढे कुठे गेला तेवढंच अंधारात राहिलं. शिवाय एक अब्जाहून जास्त रोकड लेबनॉनच्या एका खेड्यातल्या बंकरमध्ये नेऊन ठेवल्याचा माग बोवेन यांच्या माणसांना लागला होता, हे २०१४ मध्ये छापून आलं. तोवर बातमी वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना सीपीए हे काय प्रकरण होतं तेच आठवत नव्हतं.

एक शेवटची, पण फार महत्त्वाची सूचना, पदकाची. तारखा सांभाळा. व्हाइट हाउसमध्ये ब्रेमर यांच्या गळ्यात ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’, तिथला सर्वोच्च नागरी सन्मान, पडला १४ डिसेंबर २००४ रोजी. ८.८ अब्जांचा अहवाल आला ३० जानेवारी २००५ रोजी. मध्ये दीड महिना. तेवढ्यात पदकाला चौकट करून घ्या, खिळा ठोका, आणि ऑडिटर घरी आलाच तर त्याला त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवा.