नू झालों, वू झाले

फ्रेंचमध्ये जेवायचं असेल तर आधी जावं लागतं. खुर्चीतून उठायचं नसतं, फक्त वाक्यात जायचं. 'मी जेवणार आहे' याचं फ्रेंच 'झ व्हे मांझे', म्हणजे शब्दशः 'मी जातो जेवणे'. या काळाचं नाव फुतुर प्रोश, जवळचा भविष्यकाळ. पुस्तकात एका पिवळ्या चौकटीत हा नियम तीन ओळींत उरकलाय: 'जाणे'चं वर्तमानकाळातलं रूप घ्या, पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात ठेवा, संपलं.

पण फ्रेंचमध्ये 'जाणे'ला 'आले' म्हणतात. मराठी माणसाने इथेच वही मिटून घरी जावं.

आम्ही मिटली नाही, कारण फी भरली होती. पुण्यातल्या आमच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये निम्मे लोक कॅनडाचे इच्छुक. 2023 पासून कॅनडा सरकार एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे स्थायिक व्हायला माणसं निवडण्याच्या पद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या काढतं, त्यामुळे चाळिशीतली आयटीवाली मंडळी आरशासमोर ओठांचा चंबू करून 'तु' म्हणताना दिसतात. (तोंडाने उ करायचा आणि आतून ई म्हणायचं. करून बघा, घरी कोणी नसताना.) त्यात मीही.

तर रूपं अशी: झ व्हे, तु व्हा, इल व्हा, नू झालों, वू झाले, इल व्हों. मी ही रात्री मोठ्याने घोकत होतो, तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण झाले रे? कधी?" तिची काही चूक नाही. 'आपण जातो'ला 'झालों' म्हणणारी भाषा ऐकून कोणीही दचकेल. शिवाय 'तु व्हा'. एकेरीत बोलावून 'व्हा' म्हणणं म्हणजे सासुरवाडीला जावयाला अरे-अहो एकाच वाक्यात करण्यासारखं.

बरं, ही रूपं एका घरची नाहीत. व्हे आणि व्हा एका लॅटिन क्रियापदाची, साध्या भविष्यकाळातलं 'झिरे' (मी जाईन) दुसऱ्याचं, आणि 'झालों'मधलं 'आलों' नेमकं कुठून आलं यावर पंडितांचं अजून एकमत नाही. खुद्द फ्रेंचांनाही हे पाठ नव्हतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. व्होजला नावाच्या व्याकरणकाराने 1647 मध्ये नोंदवून ठेवलंय की शिकलेले लोक 'झ व्हे' म्हणतात आणि राजदरबार 'झ व्हा' म्हणतो. पुढे दॉमिनिक बुउर हा दुसरा व्याकरणकार 1702 मध्ये वारला. मरताना तो म्हणाला म्हणे, "झ व्हे किंवा झ व्हा मुरीर, दोन्ही चालतं." मी मरणार आहे, तेही फुतुर प्रोशमध्ये, आणि पर्यायी रूपासकट! कथा खरी असो नसो, परीक्षेत पाच गुण द्यायला हरकत नाही. क्यूबेकच्या बोलीत 'झ व्हा' आजही ऐकू येतं, पण हे मॅडमना सांगून उपयोग होत नाही. तिथे एक गुण जातोच.

नकाराच्या बाबतीत मात्र देव मराठी माणसाच्या बाजूने आहे. 'मी जेवणार नाही' म्हणजे 'झ न व्हे पा मांझे'. त्यात चक्क 'नव्हे' बसलंय! अख्ख्या बॅचला हे एका दिवसात पाठ झालं. मग मॅडमनी थंडपणे सांगितलं की बोलताना फ्रेंच लोक तो 'न' खाऊन टाकतात. आंघोळीच्या भानगडीत मी शिरत नाही. 'आम्ही आंघोळ करणार आहोत' म्हणजे 'नू झालों नू लाव्हे' एवढंच सांगतो, आणि पुढे जातो.

खरी वेळ येते ती तोंडी परीक्षेच्या सरावात. प्रश्न ठरलेला: या शनिवार-रविवारी तू काय करणार आहेस? पुस्तकातले लोक स्कीइंगला जातात, नॉर्मंडीत आजीकडे जातात. आम्हाला गहू निवडणे, गॅसवाल्याची वाट बघणे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणे यांची फ्रेंच क्रियापदं कोणी शिकवलेली नाहीत. म्हणून अख्खं पुणे दर आठवड्याला आल्प्सवर जातं. अपवाद एकच, आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका. ते दर वेळी एकच वाक्य म्हणतात, "झ व्हे दॉर्मीर." मी झोपणार आहे. व्याकरण अचूक, आणि बॅचमधलं एकमेव खरं उत्तर.

काकांचा मुलगा मॉन्ट्रियलला, नुकतंच लग्न झालेला. एकदा मॅडम म्हणाल्या, झोप सोडून दुसरं काहीतरी बोला, घरच्यांबद्दल बोला. काकांनी घसा खाकरला आणि सुनेबद्दल म्हणाले, "एल व्हा आव्वार अं बेबे." त्यांना म्हणायचं होतं, होईल कधीतरी, देवाच्या मनात असेल तेव्हा. त्यासाठी साधा भविष्यकाळ असतो. फुतुर प्रोशमध्ये त्याचा अर्थ होतो, दिवस गेलेत. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आम्ही अभिनंदन केलं, एका बाईंनी डिंकाच्या लाडवांची कृतीसुद्धा सांगितली. काका घामाघूम.

घरी जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला आणि गंमत म्हणून हा किस्सा सांगितला. पलीकडे मुलगा क्षणभर गप्प, आणि मग, "बाबा, आम्ही तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगणार नव्हतो. तुम्हाला कोण बोललं?"

पुढच्या तासाला काका पेढे घेऊन आले. मॅडमनी अर्धा पेढा तोंडात टाकला, अर्धा हातात धरला आणि विचारलं, "नाव काय ठेवणार? पूर्ण वाक्यात सांगा. आणि फुतुर प्रोशमध्येच."