ऑफिसात कोणालाच फाइल सापडू नये म्हणून

नारायण पेठेत तुमचं छोटं ऑफिस आहे, दिवाळी अंकाची घाई आहे, सर्व्हर लिनक्सचा, मांडणीवाल्याकडे विंडोज, मुखपृष्ठ करणाऱ्या ताईंकडे मॅक आणि वेबसाइटवाला पोरगा उबुंटूवर. फाइली हरवायला एवढं साहित्य भरपूर झालं. आता सर्व्हरवर अंकाच्या फोल्डरात 'चित्रे' नावाची एक सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फोल्डरचा नुसता पत्ता सांगणारी पाटी, तेवढी करा. तिच्यात पत्ता मुळापासून लिहायचा: /डेटा/जुने/चित्रे. सापेक्ष, म्हणजे लिंक जिथे आहे तिथून मोजलेला, लिहू नका. सापेक्ष लिंका कधीकधी चालतात.

ही लिंक उलगडायची कोणी, सर्व्हरने की समोरच्या मशीनने, हे चुकूनही विचारू नका. सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम, ती सर्व्हरवर स्वतःच उलगडतो, म्हणून मांडणीवाल्याला साधा फोल्डर दिसतो. एनएफएस, म्हणजे युनिक्स-लिनक्सवाल्यांची फाइली वाटायची पद्धत, मात्र पत्ता जसाच्या तसा हातात देतो आणि उबुंटूवाला /डेटा/जुने आपल्याच लॅपटॉपवर शोधत बसतो. "मला दिसतंय", "मला नाही दिसत" यात दुपारचे एक ते चार सहज निघतात.

डिस्क भरली की जुनी चित्रं दुसऱ्या डिस्कवर, शेअरच्या (सर्वांना वाटलेल्या फोल्डरच्या) बाहेर हलवा आणि लिंक तिकडे वळवा. आता सांबाही अडेल, कारण 'वाइड लिंक्स', म्हणजे शेअरच्या बाहेर जाणाऱ्या लिंका पाळायची सेटिंग, मुळातच बंद असते. २०१० पर्यंत ती चालू असायची. युनिक्स एक्स्टेन्शन्सच्या (क्लायंटला, म्हणजे समोरच्या मशीनला, शेअरवर सिमलिंका करू देणाऱ्या सोयीच्या) जोडीने तिच्यातून सर्व्हरवरचं काहीही वाचता येतं हे उघड झालं आणि सांबा बनवणाऱ्या मंडळींनी घाबरून ती बंद केली. तुम्ही कशाला घाबरता? 'वाइड लिंक्स' पुन्हा 'येस' करा, आणि जोडीला 'अलाउ इनसिक्युअर वाइड लिंक्स' नावाची सेटिंग आहे, तीही 'येस' करा. धोका नावातच लिहून ठेवलाय, इतका प्रामाणिकपणा हल्ली कुठे मिळतो?

शेजारच्यांनी विंडोज सर्व्हर घेतलाय म्हणून जळू नका. तिथला सर्व्हर सिमलिंक दिसली की पेठेतल्या दुकानदारासारखा हात करून "तिकडे बघा" म्हणतो, आणि विंडोजचा क्लायंट रिमोटवरून लोकलकडे किंवा रिमोटवरून रिमोटकडे जाणारी लिंक पाळायला मुळातच नकार देतो. 'एफएसयूटिल' या विंडोजच्या कमांडने परवानगी देता येते, पण प्रत्येक मशीनवर जाऊन. 'जंक्शन' ही विंडोजमधली फोल्डरची दुसऱ्या प्रकारची लिंक मात्र सर्व्हर स्वतः उलगडतो, तेव्हा त्याचा उल्लेखही करू नये.

उबुंटूवाल्याला आता एनएफएस सोडून सांबाचीच शेअर 'एमएफसिमलिंक्स' (सिमलिंक साध्या फाइलीत लिहून ठेवणारा पर्याय) लावून माउंट करायला, म्हणजे आपल्या लॅपटॉपला जोडायला, सांगा. त्याने केलेली लिंक म्हणजे बरोबर १०६७ बाइटची फाइल. मांडणीवाला ती नोटपॅडमध्ये उघडेल: पहिल्या ओळीत 'एक्ससिम', मग लांबीचा आकडा, मग बत्तीस अगम्य अक्षरं, मग पत्ता आणि पुढे नुसत्या मोकळ्या जागा. व्हायरस समजून तो ती डिलीट करेल. करू द्या.

शेवटी 'आरसिंक' या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला '-ए' लावून अंकाच्या फोल्डरचा बॅकअप घ्या. लिंका लिंका म्हणूनच जातील, चित्रं जागेवर राहतील. बॅकअप पहिल्यांदाच चहा यायच्या आत पूर्ण होईल. मालकांना लगेच फोन करून कळवा.